सकाळची घाई ऑप्टिमाइझ करायला गेलो, घरचे वैतागले. काय चुकतंय?

कोथरूडकर_कीबोर्ड
नमस्कार मंडळी, मी पुण्यात कोथरूडला राहतो, हिंजवडी फेज २ ला बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या सॉफ्टवेअरचं काम. घरात आई, बायको, पाचवीतली मुलगी आणि मी. साडेसहा ते आठ नुसती पळापळ, कारण कंपनीची बस ८:१० ला स्टॉपवर येते आणि ती चुकली की गाडी काढून चांदणी चौक, मग भूमकर चौक, तिथल्या ट्रॅफिकचं इथल्या लोकांना सांगायला नको. तर मागच्या महिन्यात म्हणलं, ऑफिसात एखादी एपीआय (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो दुवा) स्लो झाली की आपण लगेच मागे लागतो मग घरी का नाही? रविवारी आठवड्याची सगळी भाजी एकदम चिरून ठेवली, फ्रिजवर चार्ट लावला, कोण किती वाजता काय करणार त्याची शीट केली, मोकळा वेळ लाल रंगात. डब्याच्या भाजीचं काम २० मिनिटांवरून १२ वर आलं.
आता आई म्हणते घर आहे का कारखाना. बुधवारपर्यंत कोथिंबीर काळी पडली. (कॅश इनव्हॅलिडेशन, म्हणजे साठवून ठेवलेलं कधी शिळं झालं ते ओळखून बदलणं, अवघड असतं हे ऑफिसात दहा वर्षं ऐकतोय, पटलं कोथिंबिरीमुळे.) आणि गंमत म्हणजे शीटमध्ये आठ मिनिटं वाचलेली दिसतात पण मला ती कुठेच सापडत नाहीत, एक तर पळतच स्टॉपवर पोचतो नाहीतर लवकर पोचून तिथे उभा. कुणी असलं काही करून टिकवलंय का?

लॉग_वाचक
आधी मोजलं होतंस का रे? की भाजी चिरताना डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याच मागे लागलास? कॉम्प्युटरवाल्या अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेलं गणित आठव, एकच भाग वेगवान केला तरी बाकीचा वेळ तसाच राहतो: तुझ्या ९० मिनिटांपैकी भाजी २० मिनिटं, ती अगदी शून्यावर आणलीस तरी ७० उरतात, म्हणजे सगळं मिळून जेमतेम १.३ पट वेग. आणि बस म्हणजे क्रॉन जॉब (ठरल्या वेळीच आपोआप चालणारा प्रोग्राम) आहे, तू कितीही लवकर आवर ती ८:१० लाच येणार. आठ मिनिटं गेली कुठे तर स्टॉपवर. तीन दिवस शीट बाजूला ठेव आणि फक्त एवढंच लिही की कोण कशासाठी थांबून आहे. काम किती वेळ चाललं ते नको, थांबणं लिही.

कोथरूडकर_कीबोर्ड
लिहिलं. लाज वाटते पण भाजीसाठी कुणीच थांबत नव्हतं. सगळे बाथरूमसाठी थांबतात, एकच आहे, आणि तिसऱ्या माणसाला पाणी गार येतं म्हणून तो गिझर परत तापेपर्यंत टॉवेल खांद्यावर टाकून फिरत असतो. तिसरा मीच. शिवाय रोज पाच-सात मिनिटं किल्ली आणि आयकार्ड शोधण्यात, ते मी शीटमध्ये धरलंच नव्हतं.

मेकॅनिकलवाला
गिझर १५ लिटर, २ किलोवॅटचा असेल ना? बऱ्याच घरी तोच असतो. मग हिशोब सोपा आहे, थंडीत २० अंशाचं पाणी ६० पर्यंत न्यायला १५ गुणिले ४.२ गुणिले ४० म्हणजे २५२० किलोज्यूल, भागिले २ किलोवॅट, १२६० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं. यात चार्ट लावून काही फरक पडत नाही. ६० चं निम्मं आणि गार निम्मं मिसळलं की ४० अंशाचं ३० लिटर, म्हणजे कागदावर १५ लिटरच्या दोन बादल्या, आणि खरं तर त्याहून कमीच कारण काढता काढता आत गार पाणी शिरत असतं. तेव्हा तिसऱ्याने रात्री अंघोळ करायची, नाहीतर दुसरी अंघोळ झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नाश्ता वगैरे उरकायचा. किल्लीला दाराजवळ खुंटी ठोक, बाकी काही नको.

सहकारनगरची_काकू
अहो दादा, हे आम्ही पस्तीस वर्षं करतोय, फक्त त्याला नाव नव्हतं. कुकरमध्ये एकावर एक डबे, खाली वरण मध्ये भात वर बटाटे, एका शेगडीवर तो, दुसरीवर भाजी, भाजी उतरली की तवा, आणि कुकरची वाफ जिरेपर्यंत निम्म्या पोळ्या झालेल्या असतात. चिरून काय ठेवायचं ते बघून ठरवा. गवार, फरसबी मोडून ठेवली तर राहते, मटार आणि खोबऱ्याचं वाटण फ्रीजरला, पण कांदा-बटाटा चिरून अजिबात ठेवू नका, आणि कोथिंबीर न धुता निवडून कागदात गुंडाळून डब्यात.
आता खरं बोलते, राग मानू नका. चार्ट तुम्ही लावलात, पण पोळ्या कोण करतं? त्यांना विचारलं होतंत का? आणि आई सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसत असतील ना, तो वेळ पण लाल केलात का?

लॉग_वाचक
काकूंनी कोड रिव्ह्यूच घेतला. दुसऱ्याचं मॉड्यूल (प्रोग्रामचा भाग) न विचारता रिफॅक्टर केलंस, म्हणजे नव्याने रचलंस, तर हेच होणार.

पेठेतला_पाहुणा
दुपारी १ ते ४ बंद अशी पाटी लावणाऱ्या गावात तुम्ही रिकामा वेळ लाल करताय, धन्य आहे.

कोथरूडकर_कीबोर्ड
काकू, केला होता. सहा पस्तीस ते सहा पन्नास, ‘आयडल’ लिहून. आईने वाचलं पण होतं, काही बोलली नाही, तो कारखान्याचा टोमणा दुसऱ्या दिवशी आला तो त्यातूनच बहुतेक.

आठवड्यानंतरचं सांगतो. चार्ट काढला. मी रात्री अंघोळ करतो, खुंटी ठोकली, पोळ्या लाटायला बायको आणि तवा-कुकरकडे मी, हे तिनेच ठरवलं. भाजी पूर्वीसारखी रोजच्या रोज चिरतो, वीस मिनिटं लागतात, लागू देत. काल आठला खाली उतरलो आणि पळालो नाही.
एकच राहिलं, गुरुवारी कॉर्पोरेशनचं पाणी बंद असलं की आमची टाकी साडेसातलाच संपते, त्या दिवशीचं गणित कसं बसवायचं?

सहकारनगरची_काकू
बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवा.