सरावप्रश्न सुटतात, पण स्वतःचा प्रोग्राम लिहिता येत नाही

प्रश्न : किर्दखतावणी

मी एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात काम करते आणि संध्याकाळच्या वेळात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहे. एक्सरसिझम या संकेतस्थळावरील लीप वर्ष ओळखणे, वाक्यातील शब्द मोजणे, रोमन अंक लिहिणे असे बरेच सरावप्रश्न मी सोडवले असून त्यांच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. मात्र आमची खतावणी आणि बँकेचा खातेउतारा यांचा ताळमेळ घालणारा छोटा प्रोग्राम लिहायला बसले, की सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. सराव वाढवावा, की तो थांबवून थेट कामालाच हात घालावा?

प्रतिसाद : शून्यशेष

सरावप्रश्नात फंक्शनचे (माहिती घेऊन उत्तर देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचे) नाव, त्याला मिळणारी माहिती, अपेक्षित उत्तर आणि ते तपासणाऱ्या चाचण्या हे सगळे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. आपल्या वाट्याला येतो तो फक्त मधला भाग. तुम्ही अडता आहात ती जागा नेमकी या ठरवण्याची आहे, त्यामुळे तयार प्रश्नांची संख्या वाढवून ती अडचण सुटेल असे मला वाटत नाही.

माझ्या मते तुम्ही तुमच्या कामातूनच सरावप्रश्न तयार करावा. मूळ फाइल तूर्त उघडूच नका. खतावणीच्या चार आणि उताऱ्याच्या चार नोंदी हाताने लिहा, कोणत्या जुळल्या पाहिजेत आणि कोणत्या शिल्लक राहिल्या पाहिजेत हे कागदावर ठरवा आणि त्याचीच चाचणी करा. मग लक्षात येईल की हा प्रश्न शब्द मोजण्याच्या प्रश्नाचाच भाऊ आहे, कारण तिथे डिक्शनरीत (एकेका किल्लीसमोर तिची माहिती ठेवणाऱ्या पायथनच्या यादीत) शब्दासमोर संख्या ठेवली होती आणि इथे धनादेश क्रमांकासमोर नोंद ठेवायची आहे. केवळ रक्कम ही किल्ली मानलीत, तर ५,००० रुपयांच्या दोन नोंदींपैकी दुसरी पहिलीला पुसून टाकेल आणि पायथन त्याबद्दल अवाक्षरही काढणार नाही. धनादेश क्रमांक अक्षरमाला, म्हणजे मजकूर म्हणूनच ठेवा. त्याचे संख्येत रूपांतर केले की सुरुवातीची शून्ये जातात.

प्रतिसाद : तिसरा कंस

वरील सल्ला योग्य आहे, तरीही तयार सराव सोडू नये असे मी म्हणेन. एक्सरसिझम २०१३ साली कॅट्रिना ओवेन यांनी सुरू केले, आणि चाचण्यांइतकेच इतरांची उत्तरे वाचणे व मार्गदर्शकांचे अभिप्राय मिळवणे हे त्याचे बलस्थान आहे. बहुतेक शिकणारे मात्र चाचणी हिरवी झाली की पुढच्या प्रश्नाकडे वळतात. लीप वर्षाचाच प्रश्न घ्या. '४ ने भाग जातो का' ही अट सर्वांत आधी तपासून तिथेच होकार देणारे उत्तर १९०० साठी (ते लीप वर्ष नव्हते) चुकते आणि २००० साठी (ते होते) बरोबर येते, म्हणजे चाचणीत १९०० सारखी वर्षे नसती तर ते खपून गेले असते. अटींचा क्रम हाच तिथला खरा धडा आहे, आणि तो उत्तर पुन्हा लिहून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

प्रोजेक्ट ऑयलर या गणिती कोड्यांच्या संकेतस्थळाकडे मात्र इतक्यात वळू नका. तिथे काही प्रश्नांनंतर भाषेपेक्षा गणिताचाच कस लागतो.

आणखी एक, हिशेबाच्या कामात दशांश अपूर्णांक थेट वापरू नयेत. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी ताडून पाहिली, तर उत्तर 'असत्य' येते. रकमा पैशांत रूपांतरित करून पूर्णांकात ठेवाव्यात, किंवा डेसिमल हे मोड्यूल (पायथनसोबत मिळणारा तयार कोडचा संच) वापरावे.

प्रतिसाद : अर्धा र

खातेदारांची नावे मराठीत असतील तर त्यांचाही एक छोटा सराव करून पाहा. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ' युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) एकाच चिन्हाने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथन त्यांना भिन्न समजते आणि त्यांची लांबीही वेगळी सांगते. युनिकोडडेटा मोड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन वापरून दोन्ही नावे एका रूपात आणता येतात. काही जण मात्र साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) यांनी तेच अक्षर उमटवतात, आणि ते रूप नॉर्मलाइझने बदलत नाही, स्वतः बदलून घ्यावे लागते.

किर्दखतावणी

सर्वांचे आभार. नावे दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली जात असल्यामुळे त्यांच्यावर विसंबायचे नाही, असे ठरवले आहे. चार-चार नोंदींचा कागद तयार केला; त्यात एक धनादेश मुद्दाम असा घेतला आहे, की जो खतावणीत मार्चमध्ये आहे आणि बँकेत एप्रिलमध्ये वटला आहे. तो 'न जुळलेला' म्हणून दाखवायचा की 'पुढे ओढलेला' म्हणून?

शून्यशेष

'पुढे ओढलेला' असा तिसरा गट करा. वार्षिक ताळमेळात लेखापरीक्षक ती यादी मागू शकतात.