'अज्ञान', 'सज्ञान' आणि 'शहाणी': वयाच्या शब्दांबद्दल एक प्रश्न

दस्तलेखक, अंबाजोगाई

तहसीलच्या आवारात बसून मी अर्ज आणि दस्त लिहून देतो. गेल्या आठवड्यात एक ताई सातबारा घेऊन आल्या. वय बत्तीस, बी.ए. झालेल्या. पीककर्जासाठी उतारा काढला, तर नावापुढे 'अज्ञान' आणि त्यापुढे 'अ.पा.क. आई'. वडील वारले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. वारसाचा फेर, म्हणजे नोंदीतला बदल, झाला, नाव लागलं, आणि तो शेरा तसाच राहिला. त्यांनी उताऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, मला अज्ञान कामून लिवलंय? मी शिकलेली आहे की."

मी नेहमीचं उत्तर दिलं. ताई, हे अज्ञान म्हणजे अडाणीपण नव्हे, कायद्यात अठरा वर्षांखालच्या माणसाला अज्ञान म्हणतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तुमच्या वतीने व्यवहार बघणारी आई. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज दिला की फेर होतो आणि शेरा निघतो. त्या म्हणाल्या, "तुमाला माहीत आहे हो. वाचणारा काय वाचतो?" घरी आल्यावरही हे डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतो.

मला जे दिसतं ते आधी सांगतो. व्याकरणाने 'अज्ञान' इथे विशेषण आहे: ज्याला अजून जाण आलेली नाही असा, अशी. पण बोलण्यात आपण 'अज्ञान' नाम म्हणूनच वापरतो, 'अज्ञान दूर करणे' वगैरे. त्यामुळे विशेषण म्हणून लिहिलेला शब्द कानाला दोष दाखवणारा लागतो. 'सज्ञान'ला ती अडचण नाही.

दुसरी गोष्ट. 'अल्पवयीन' हा शब्द हाताशी असताना जमिनीच्या कागदावर तो सहसा येत नाही, आणि पोलिसांच्या बातमीत 'अज्ञान' येत नाही. 'अल्पवयीन मुलीला पळवून नेले' असं छापतात, 'अज्ञान मुलीला' असं कधी वाचलं नाही. मालमत्तेचं लेकरू अज्ञान आणि गुन्ह्यातलं लेकरू अल्पवयीन, अशी वाटणीच झाली आहे. 'कुलीन', 'ग्रामीण' यांच्यातला जो प्रत्यय, तोच 'अल्पवयीन'मध्ये आहे. शब्द नीट बनलेला, कुणाला न दुखावणारा. मात्र त्याला जोडीदार नाही. 'पूर्णवयीन' कुणी म्हणत नाही, 'प्रौढ' म्हटलं की चाळिशीचा माणूस आणि रात्रीची शाळा डोळ्यांपुढे येते. म्हणून 'अल्पवयीन'च्या उलट पुन्हा 'सज्ञान'कडेच यावं लागतं.

माझा प्रश्न असा, की आपल्या मराठवाड्यात या वयासाठी आधी कोणते शब्द होते? आणि अठरा लागल्यावर माणूस सज्ञान होतो, तर त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांना आपण काय म्हणतो?

उर्दूचे निवृत्त अध्यापक, नांदेड

भाऊ, आपल्याकडे 'बालिग' आणि 'नाबालिग' होते. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि अदालतीची भाषा उर्दू. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी जुन्या माणसांच्या तोंडून हे शब्द गेले नाहीत. माझे वडील शेवटपर्यंत 'नाबालिगाची जमीन' असंच म्हणत.

'बालिग' अरबी आहे. त्याच्या धातूचा अर्थ पोचणे. बालिग म्हणजे पोचलेला, वयाच्या त्या टप्प्यावर जाऊन ठेपलेला. त्याच धातूतून 'मबलग' निघतो, रक्कम या अर्थाने. जुन्या दस्तांत 'मुबलग इतके रुपये' असं येतं ते हेच. आणि त्याचंच मराठीत 'मुबलक' झालं. म्हणजे 'मुबलक पाऊस' म्हणणारा शेतकरी आणि 'बालिग' लिहिणारा कारकून एकाच धातूतले शब्द वापरतात. 'ना' हा फारसी उपसर्ग तर आपण इतका आपलासा केला की इंग्रजी 'पास'ला लावून 'नापास' केला.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. 'बालिग'चा मूळ अर्थ शरीराच्या वयाशी बांधलेला आहे, तारुण्य आलेला. पण उर्दू दस्तात नुसतं 'बालिग' लिहून भागत नसे, 'आकिल व बालिग' असं लिहीत. 'आकिल' म्हणजे अक्कल असलेला, आपली 'अक्कल' तिथलीच. इस्लामी धर्मशास्त्रातही पोरक्या मुलाची मालमत्ता त्याच्या हाती द्यायची तर वयात येणं पुरत नाही, व्यवहाराची समज आलेली दिसावी लागते. तिला 'रुश्द' म्हणतात. शरीर एक आणि समज दुसरी, दोन्हींना वेगळे शब्द. मराठीत 'सज्ञान' या एकाच शब्दात दोन्ही कोंबले गेले, असं मला वाटतं.

माध्यमिक शिक्षिका, गेवराई तालुका

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले, कारण माझ्या वर्गात रोज तेच घडतं.

आमच्याकडे मुलीला पाळी आली की 'शहाणी झाली' म्हणतात. कोशकार 'शहाणा' हा शब्द संस्कृत 'सज्ञान'शी जोडतात, हिंदीतला 'सयाना'ही तिथलाच. म्हणजे घरातली 'शहाणी' आणि कायद्यातली 'सज्ञान' या मुळात सख्ख्या बहिणी. एक थोरली संस्कृतातच राहिली, दुसरी लोकांच्या तोंडी झिजून आपल्या घरात आली. पण घरातली बाराव्या-तेराव्या वर्षी येते आणि कायद्यातली अठरा पूर्ण झाल्यावर. मधली पाच-सहा वर्षं मुलगी एका शब्दाने जाणती असते, दुसऱ्याने अजाण. आमच्या तालुक्यात मुलींची लग्नं याच फटीत लागतात.

दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. आई-बाप पाच-सहा महिने कारखान्यावर, म्हातारी गावात. आठवीतल्या मुलीचं नाव पटावर असतं आणि बाकावर ती नसते. विचारायला गेलं की आई म्हणते, "बाई, लेकरू शहाणं झालं. कुणाच्या भरवशावर ठेवावं?" त्या बाईला मी वाईट म्हणू शकत नाही. तिला खरीच भीती असते. पण वाक्य नीट ऐका: लेकरूही म्हणते आणि शहाणंही म्हणते. तिच्या मनात पोर अजून लेकरूच आहे, 'शहाणं' हा शब्द तिला घाई करायला लावतो. मग 'उजवली'. लग्न करून देण्याला हाच शब्द आहे, मुलीची संमती विचारण्याला आमच्या बोलीत असा एकही सहज शब्द मला सापडला नाही.

मुलग्यांच्या बाबतीत भाषा निराळी आहे. मिसरूड फुटलं, हाताखाली आला, कमावता झाला. त्याचं वय कामावर मोजतात, तिचं अंगावर.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, मी शहाणी झाले म्हणतेत ना सगळे, मग मला कुणी काही विचारत कसं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वर्गात पाळीबद्दल बोलताना मी 'शहाणी होणे' म्हणत नाही. 'पाळी सुरू झाली' म्हणते, सरळ. मुली सुरुवातीला खाली बघतात, आठवड्याने बघत नाहीत.

वकील, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुमचं निरीक्षण मी जपून ठेवणार आहे. दस्तलेखक भाऊंच्या एका वाक्याला मात्र हरकत घेतो. 'अठरा लागल्यावर सज्ञान होतो' असं तुम्ही लिहिलंत. अठरावं लागणं आणि अठरा पूर्ण होणं यांत एक वर्ष आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ त्या वर्षात असतं. 'अठरावं लागलं' म्हणजे सतरा पूर्ण झाली. १८७५ चा सज्ञानता कायदा अठरा पूर्ण मागतो. जन्मदिवस पूर्ण दिवस धरून अठराव्या वाढदिवसाची सुरुवात झाली, की माणूस सज्ञान. लग्नाच्या बैठकीत बाप 'अठरावं चालू आहे' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मराठीत वय असंच सांगायची रीत आहे. पण ग्रामसेवक, जो गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याने 'पूर्ण किती?' हे दोन शब्द विचारलेच पाहिजेत.

त्यात १ जूनचा घोळ. आपल्या भागात पन्नाशीच्या पुढच्या कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळेच्या सोयीने ती टाकली. आज बाल न्याय कायद्याखाली वय ठरवताना आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. गुरुजींच्या लेखणीवर इतकं अवलंबून आहे. ताई, तुम्ही नाव घालता तेव्हा जन्मदाखला मागता ना?

आता 'सज्ञान' हा एकच आकडा आहे, असंही नाही. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली गोष्ट गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात समज किती आली होती ते न्यायालय बघतं, म्हणजे सर म्हणतात तो 'आकिल' इथे शिल्लक आहे. चौदापर्यंत शिक्षणाचा हक्क, आणि चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी, घरच्या कामाचा अपवाद सोडून. चौदा ते अठरा या वयाला कामगार कायद्याने २०१६ च्या दुरुस्तीत 'किशोरवयीन' म्हटलं, त्यांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. मतदानाचं वय १९८९ पर्यंत एकवीस होतं, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरा झालं. पण ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर एकवीस, विधानसभेला पंचवीस.

सगळ्यांत चमत्कारिक शब्द २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात आहे. त्यात 'बालक' म्हणजे अठराखालची मुलगी आणि एकवीसखालचा मुलगा. वीस वर्षांचा मुलगा मतदान करतो, खरेदीखतावर सही करतो, आणि बोहल्यावर चढला की त्या कायद्यापुरता बालक. मुलीचंही वय एकवीस करण्याचं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण २०२४ ला लोकसभेची मुदत संपली आणि ते व्यपगत झालं. ताईंना एक सांगतो, मुलींपर्यंत पोचवा: बालपणी लावलेलं लग्न ती मुलगी स्वतः रद्द करून मागू शकते, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. वीस पूर्ण व्हायच्या आत, असं सोपं करून सांगा.

'अज्ञान' शब्दाची बाजूही मांडतो. कायद्याच्या मराठी अनुवादांत तो रुळला आहे, आणि तो संरक्षणाचा शब्द आहे. बाप वारल्यावर आईनेसुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकली, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून विक्री रद्द करून घेऊ शकतं. न्यायालयाने पालक नेमल्याशिवाय चुलत्याला तर तशी विक्री करण्याचा अधिकारच नाही. उताऱ्यावरचा 'अज्ञान' शेरा बघून खरेदीदार थबकतो. शब्द बदला, पण ते थबकणं गेलं नाही पाहिजे.

माध्यमिक शिक्षिका, गेवराई तालुका

हो वकीलसाहेब, जन्मदाखला मागते. कारखान्यावर जन्मलेल्या लेकरांचा तो बहुतेक वेळा नसतो, जन्म साताऱ्या-सांगलीकडे आणि नोंद कुठेच नाही. तिथे मी आईला सण विचारते. 'संक्रांतीच्या आदल्या दिवशी' असं तिला पक्कं आठवतं, वर्षही शेजारणीच्या पोराशी ताडून निघतं. त्यावरून अर्ज करून नोंद करून घेतो. १ जून मी एकदाही टाकलेला नाही.

आणि 'किशोरवयीन' कायद्यात असेल, आमच्याकडे तो अंगणवाडीच्या वहीत आहे, 'किशोरी' म्हणून. गोळ्या वाटायच्या दिवशी ऐकू येतो. घरात त्या वयाला शब्दच नाही. एकतर लेकरू, नाहीतर शहाणी.

दस्तलेखक, अंबाजोगाई

वकीलसाहेब, 'लागलं' आणि 'पूर्ण'ची चूक कबूल. वीस वर्षं दस्त लिहितो आणि बोलीत अजून तसंच निघतं. आजपासून पक्षकाराला वय विचारताना 'पूर्ण किती' असंच विचारीन.

सर, 'आकिल व बालिग' वाचून माझ्याकडचे जुने मसुदे काढले. मराठी खरेदीखतात आपण 'मी सज्ञान असून, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने' असं लिहितो. म्हणजे तुमचा 'आकिल' गेलेला नाही, 'पूर्ण शुद्धीत' होऊन बसला आहे. समजेला वेगळे शब्द लागतात हे आपल्या दस्तालाही ठाऊक होतं.

माझं मत आता असं झालं आहे. शेरा हवाच, साहेबांचं खरं आहे. पण तो 'अल्पवयीन' असा लिहावा आणि त्यापुढे जन्मतारीख लिहावी. तारीख असली की खरेदीदार तितकाच थबकेल, आणि बत्तीस वर्षांच्या बाईच्या नावापुढे तो शब्द दिसला तरी कुणी तिला अडाणी समजणार नाही, नोंद जुनी आहे एवढंच समजेल. 'पालनकर्ता' राहू द्या, तो शब्द चांगला आहे. आणि 'शहाणी झाली' हे ताई म्हणतात तसं माझ्या घरातूनही मी काढतोय. माझी धाकटी अकरा वर्षांची आहे. तिच्या आजीशी त्यावरून कालच बोलणं झालं.

त्या ताईंचा अर्ज सोमवारी देणार आहोत. नेहमीचा मजकूर असतो, 'अर्जदार आता सज्ञान झाली असल्याने अ.पा.क. शेरा कमी करण्यात यावा'. ताईंना 'आता झाली' हे मान्य नाही, त्या म्हणतात मी चौदा वर्षांपूर्वीच झाले. म्हणून लिहिलंय, 'अर्जदाराचे वय अठरा पूर्ण होऊन चौदा वर्षे झाली आहेत, सबब शेरा कमी करावा'. वकीलसाहेब, मंडळ अधिकारी यावर हरकत घेतील का, तेवढं रविवारपर्यंत सांगा.