जुनी फटफटी घरीच चालू केलेल्यांनो, अनुभव लिहा

रानजाई
जुलैचा दुसरा रविवार, जावा दिन. दूध घेऊन परत येत होते आणि कर्वे रस्त्यावरून जुन्या जावा-येझदी मोटरसायकलींची रांगच्या रांग गेली. तो दुहेरी सायलेन्सरचा आवाज, तो पेट्रोलमधल्या मिक्स तेलाचा वास! तिथेच थांबले मी.

बाबांची येझदी 250 साताऱ्याच्या घरी पडवीत कितीतरी वर्षं उभी होती. लॉकडाऊनमध्ये दादाने आणि मी उघडली. किक जागची हलेना, पिस्टन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेला. जाणत्या येझदीवाल्यांना फोन केले. सगळ्यांनी एकच बजावलं, किकवर उभं राहू नका. प्लग काढून भोकातून डिझेल सोडा, मुरू द्या, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू मागे-पुढे करा. तसंच सुटलं. मग रिबोअर (बोअर घासून मोठा केला), त्यात बसणारा 0.50 मिमी ओव्हरसाइझ पिस्टन, ठिणगीचे पॉइंट-कंडेन्सर नवे. मैसूरचा कारखाना 1996 लाच बंद झाला, त्यामुळे एकेका भागासाठी माणसं शोधावी लागली, आणि ती माणसं आपण होऊन मदत करत गेली. एकमेकांना कधी भेटलेलोही नव्हतो.

टाकीचा रंग मात्र जुनाच ठेवलाय. बाबांच्या गुडघ्यांनी जिथे झिजलाय तिथेही.

तुमचंही लिहा. कुठलीही जुनी गाडी चालेल.

गवतीचहा
रंग ठेवलास ते फार बरं केलंस. आमच्या जावाचा मरून रंग आणि क्रोम सगळं नवं करून घेतलं, सुंदर दिसते, पण काका म्हणाले ही माझी गाडी नाही. टाकी आतून कशी साफ केली?

रानजाई
व्हिनेगर भरून ठेवलं, आत मूठभर नट टाकून हलवत राहायचं. गंज सुटला की खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळायची, लगेच कडक उन्हात. ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी परत गंज. शेवटी पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (तेच मिक्सचं तेल) घालून आतून फिरवायचं. नट मोजून घाला, मोजून काढा!!

उद्यमनगरकर
कोल्हापूरहून. पांढऱ्या धुराचं सांग की लोकांना, ते महत्त्वाचं हाय.

रानजाई
हो, राहिलंच. चालू झाल्यावर पांढरा धूर थांबेना. जवळच्या मिस्त्रींचं म्हणणं परत बोअर करा. ह्या उद्यमनगरकर दादांनी फोनवर आवाज ऐकला आणि विचारलं, गिअर ऑइल कमी होतंय का? बघितलं तर खरंच कमी.

उद्यमनगरकर
क्लचकडचं क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं) रबरी सील गेलं की तिकडचं तेल इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढती, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून पिस्टन धरतो. गाडी खूप वर्षं उभी असली की रबर कडक झालेलं असतंय. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सीलं बदलूनच बंद करा. सीलाचे पैसे वाचवून बोअर घालवू नका, पोटतिडकीनं सांगतोय.

सोनचाफा
गाड्यांतलं काही कळत नाही पण वाचतेय. आम्ही तिघी बहिणी बाबांच्या राजदूतवर. धाकटी टाकीवर, तिचे पाय कायम भाजलेले.

घाटवाट
आमची बुलेट, आजोबांची. उजव्या पायात गिअर, पहिला वर, बाकीचे खाली. ती चालवून ऑफिसच्या गाडीवर बसलं की पाय ब्रेकऐवजी गिअर शोधतो. येझदीला तर किक आणि गिअरला दांडा एकच ना?

रानजाई
एकच. आत दाबून वर फिरवला की किक. आणि गिअर टाकताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो. भाचीला शिकवताना तिला हे फार आवडलं.

कागदोपत्री
एक कळकळीचं. पैसे घालण्याआधी आरसी बघा. 15 वर्षांनंतर नूतनीकरण, पुढे दर 5 वर्षांनी. आणि पॉलिशला, सँडब्लास्टिंगला देताना इंजिन नंबर, चासी नंबरवर टेप लावून द्या. नंबर पुसट झाला तर आरटीओत कोणाला पटवणार?

मोल्डाऊकाठी
मी झेक प्रजासत्ताकात, ब्र्नोला असतो. जावा 353 ह्या जुन्या मॉडेलचे गास्केट, रबरं इथे अजून नवीन बनतात, आपल्या जुन्या जावाला पुष्कळसे बसतात. डिसेंबरात येतोय, कोणाला काही हवं असेल तर आत्ताच सांगा.

गवतीचहा
हवंय!! व्यनि (खाजगी निरोप) केलाय. टाकीची गुडघ्याची रबरं मिळाली तर देव पावला.

सोनचाफा
ब्र्नोला थंडी किती असते हो डिसेंबरात? मुलीला तिकडे ॲडमिशन मिळतेय.

मोल्डाऊकाठी
शून्याच्या आसपास, कधी खाली. जाकीट इथे आल्यावर घ्या म्हणावं. व्यनि करतो.

घाटवाट
20 टक्के इथेनॉलवाल्या ई20 पेट्रोलचं काय करता सगळे? माझ्या कार्बोरेटरची रबरं फुगली.

उद्यमनगरकर
इथेनॉल पाणी ओढतं. गाडी उभी राहणार असंल तर पेट्रोलची नळी बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या. टाकीत तेल-पेट्रोलचं मिक्स साठवू नका, लागंल तेवढंच करा. रबरं इथेनॉलला टिकणारी मागून घ्या.

घाटवाट
धन्यवाद दादा, आजच करतो.

पावसाळीढग
सगळं वाचून गोठ्यातली जावा बाहेर काढलीय! बाबा 78 वर्षांचे, खुर्ची टाकून शेजारी बसलेत आणि ऑर्डरी सोडताहेत. पॉइंटचा गॅप किती? आणि तो मोजायचं फीलर गेज नाना पेठेत मिळेल ना?

रानजाई
0.4 मिमी. आधी पॉइंट काचपेपरने हलके घासून घ्या, तेलकट नको. गेज विकत कशाला, कोथरूडला या, माझं देते. घट्ट बसलेले भाग ओढून काढायचा पुलरपण आहे. बाबांनाही घेऊन या, चहा टाकते.

पावसाळीढग
शनिवारी संध्याकाळी चालेल? बाबा विचारतायत, तुमच्या गाडीला किक त्यांनी मारली तर चालेल का.