हवामानातील टोकाचे चढउतार आणि ‘पृथ्वीचे कवच उलटणार’ हा दावा

प्रश्न : निरभ्र

जगभरातील हवामानाच्या बातम्या वाचताना अलीकडे मन अस्वस्थ होते. २०२१ हे एकच वर्ष घेतले, तरी फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सास राज्य थंडीने गोठले आणि तेथील वीजपुरवठा कोलमडला, तर जूनच्या अखेरीस कॅनडातील लिटन या गावी तापमान ४९.६ अंश सेल्सिअसवर गेले. त्या देशाचा आधीचा उच्चांक ४५ अंशांचा होता आणि तो १९३७पासून टिकून होता.

माझा धाकटा भाऊ अशा सर्व घटनांची संगती एका सिद्धांताशी लावतो. दर बारा हजार वर्षांनी पृथ्वीचे कवच एकाएकी घसरते, ध्रुवांवरील प्रदेश विषुववृत्ताकडे जातात, महासागर जमिनीवरून वाहतात आणि सध्याचे विचित्र हवामान ही त्याचीच पूर्वसूचना आहे, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून तो तीन गोष्टी सांगतो: चुंबकीय उत्तर ध्रुव वेगाने सरकत आहे, सायबेरियात अन्न पोटात असतानाच गोठलेले मॅमथ सापडले आहेत, आणि भूजलाच्या उपशामुळे पृथ्वीची आस सरकल्याचे खुद्द शास्त्रज्ञांनीच मांडले आहे. या गोष्टी एकेक करून पडताळून पाहिल्या तेव्हा त्या बहुतांशी खऱ्या निघाल्या, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. तथ्ये खरी असूनही निष्कर्ष चुकत असेल, तर तो कोणत्या पायरीवर चुकतो? ‘हे सगळे थोतांड आहे’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही, आणि माझेही होणार नाही.

उत्तर १ : खडूफळा

आपल्या भावाच्या मांडणीत एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या तीन हालचाली मिसळल्या गेल्या आहेत, म्हणून त्या आधी वेगळ्या कराव्या लागतील.

पृथ्वीचे चुंबकत्व सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालच्या द्रवरूप लोखंडाच्या प्रवाहांतून निर्माण होते. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१मध्ये उत्तर कॅनडात चुंबकीय उत्तर ध्रुवाचे स्थान निश्चित केले, तेव्हापासून तो सरकतच आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरपेक्षा जास्त झाला होता आणि त्यामुळे दिशादर्शनासाठी वापरले जाणारे जागतिक चुंबकीय प्रारूप २०१९मध्ये नियोजित वेळेआधीच सुधारावे लागले. मात्र यातून बदलते ती होकायंत्राची सुई. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस त्यामुळे हलत नाही. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी हे चुंबकीय क्षेत्र अतिशय क्षीण होऊन काही शतके जवळजवळ उलटले होते. त्या काळातही माणसे पृथ्वीवर होती आणि ती तगली.

भूजलाविषयीचे संशोधन २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १९९३ ते २०१० या काळात उपसलेल्या पाण्यामुळे वस्तुमानाची वाटणी बदलून आसाचे टोक सुमारे ८० सेंटिमीटर सरकले. ज्या ग्रहाची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे आणि ज्याच्या आसाचे टोक एरवीही काही मीटरांच्या वर्तुळात डुलत असते, त्याच्या ऋतूंवर ८० सेंटिमीटरांचा परिणाम होत नाही. ते मोजता येते याचे मात्र मला खरोखर कौतुक वाटते.

आता कवच घसरण्याचा मुद्दा. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. तेथील त्रिज्या ध्रुवांकडील त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या दुपटीहून अधिक. ध्रुवाजवळचे कवच या फुगवट्यावर आणायचे तर ते ताणले जाऊन सर्वत्र फाटले पाहिजे. त्यासाठी लागणारी प्रचंड ऊर्जा कोठून येणार, याचे उत्तर या सिद्धांताचे समर्थक देत नाहीत.

तरीही ही सगळी गणिते बाजूला ठेवून एकच पुरावा निवडायचा असेल, तर मी अंटार्क्टिकाचे बर्फ निवडेन. तेथील ‘डोम सी’ या ठिकाणी युरोपीय शास्त्रज्ञांनी खोलवर छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात गेल्या आठ लाख वर्षांचे थर क्रमाने मिळतात. दर बारा हजार वर्षांनी कवच घसरत असते, तर एवढ्या काळात ही घटना साठाहून अधिक वेळा घडायला हवी होती. आणि अंटार्क्टिका त्यांपैकी एकदा जरी उष्ण कटिबंधात गेला असता, तरी ते बर्फ आज तेथे नसते.

मॅमथांबद्दल बोलायचे तर त्या सर्वांचा मृत्यू एकाच प्रलयात झाला असता तर त्यांची वये जुळली असती, पण ती जुळत नाहीत. २००७मध्ये सापडलेले ‘ल्युबा’ हे पिल्लू ४० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे, तर आर्क्टिकमधील रँगल बेटावरचे मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. गिझाचे पिरॅमिड तेव्हा बांधून झाले होते. १९०१मध्ये उकरून काढलेल्या प्रसिद्ध बेरेझोव्का मॅमथाच्या पोटातील वनस्पतीही थंड प्रदेशातील गवताळ माळावरच्याच होत्या. थंड प्रदेशात चिखलात किंवा भेगेत पडून झाकला गेलेला प्राणी टिकून राहतो, त्यासाठी खंड हलावे लागत नाहीत.

उत्तर २ : सांजवारा

आसाचा विषय वरील उत्तरात आला आहे, म्हणून मी हवामानापुरते लिहितो. एखादा टोकाचा चढउतार हा स्वतंत्रपणे कशाचाच पुरावा नसतो. अमेरिकेतील स्पिअरफिश येथे २२ जानेवारी १९४३ रोजी पर्वतावरून उतरणाऱ्या उबदार वाऱ्यामुळे तापमान केवळ दोन मिनिटांत उणे २० अंशांवरून ७ अंशांपर्यंत चढले होते. माँटाना राज्यातील लोमा येथे जानेवारी १९७२मध्ये चोवीस तासांत ५७ अंशांचा फरक नोंदवला गेला. जग तेव्हा संपले नाही आणि कोणी त्याचा सिद्धांतही केला नाही.

मध्य अक्षांशांवर साधारण दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान झोतवारा वाहतो आणि तो ध्रुवीय थंड हवा व दक्षिणेकडील उबदार हवा यांच्या सीमेवर असतो. सपाटीवर आलेली नदी जशी वळणे घेते तशी मोठी वळणे त्यालाही पडतात. त्या वळणांपैकी एखादे जागेवर अडकून बसले की त्याच्या एका बाजूला ध्रुवीय थंडी दूर दक्षिणेपर्यंत उतरते, तर दुसऱ्या बाजूला उष्णतेचा घुमट तयार होतो. आपण दिलेल्या २०२१मधील दोन्ही घटनांत अशा वळणांचा मोठा वाटा होता, म्हणजे थंडी आणि उष्णता यांना जोडणारा धागा वातावरणातच आहे.

आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगाने तापत असल्यामुळे ही वळणे वाढत आहेत का, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. त्याउलट दोन गोष्टींविषयी मतभेद नाहीत. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडतो आणि जेथे तो पडत नाही तेथे जमिनीतील ओलावा लवकर शोषला जातो. शिवाय सरासरी वर सरकली की उष्णतेचे जुने उच्चांक मोडणे सोपे होते. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार २०२४ या वर्षाचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी जास्त होते.

निरभ्र

दोघांचेही मनापासून आभार. बर्फाच्या गाभ्याचा मुद्दा मी भावाला सांगितला आणि त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्याने विचारले की ही तापमानवाढ सूर्यच अधिक तापल्यामुळे होत नसेल कशावरून?

उत्तर ३ : खडूफळा

उपग्रहांद्वारे सूर्याच्या एकूण प्रारणाचे मापन १९७८पासून अखंड चालू आहे. त्यात अकरा वर्षांच्या चक्राची चढउतार दिसते, पण वाढीचा कल दिसत नाही. दुसरी खूण अधिक बोलकी आहे. सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होते आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर असेच घडेल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७मध्येच गणिताने दाखवले होते. मानाबे यांना २०२१मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

उत्तर ४ : जुनी_पाने

सूर्याचा विषय निघालाच आहे, तर १८१६ची हकीकत सांगतो, कारण मूळ प्रश्नाशी तिचा संबंध थेट आहे. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडले आणि युरोपात पिके बुडाली. त्याच सुमारास सूर्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांना दिसू लागले आणि १८ जुलै रोजी सूर्य विझणार, असे भाकीत इटलीतील बोलोन्या शहरातून पसरले. लोक भयभीत झाले होते. पण एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्यातील गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला होता. थंडी त्या पडद्यामुळे पडली होती, आणि सूर्यबिंब मंदावून डाग दिसू लागले तेही त्याच पडद्यामुळे. थंडीही खरी होती आणि डागही खरे होते, मात्र डागांमुळे थंडी पडली ही मधली जोडणी लोकांनी स्वतःच्या मनाने केली होती. आपण विचारलेली चुकीची पायरी बहुतेक वेळा याच जागी असते.

उत्तर ५ : ओहोटी

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु ती वाचून ‘पृथ्वीवर एकाएकी काही घडतच नाही’ असा समज होऊ नये, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. बारा हजार वर्षांचा आकडा या सिद्धांतवाल्यांनी अगदीच हवेतून काढलेला नाही. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत असताना उत्तर गोलार्धाचा मोठा भाग पुन्हा गारठला. ‘यंगर ड्रायस’ या नावाने ओळखला जाणारा हा काळ ११,७०० वर्षांपूर्वी संपला, तेव्हा ग्रीनलंडचे तापमान काही दशकांतच जवळपास दहा अंशांनी वाढले. कवच मात्र तेव्हाही जागेवरच होते. उत्तर अमेरिकेवरील हिमस्तर वितळून गोडे पाणी अटलांटिकमध्ये गेले आणि उबदार पाणी उत्तरेकडे नेणारे सागरी अभिसरण मंदावले, हे याचे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

हेच अभिसरण तापमानवाढीमुळे पुन्हा क्षीण होईल का, हा आजचा गंभीर प्रश्न आहे. ते या शतकात मंदावेल, याविषयी आंतरसरकारी हवामान बदल समितीला बरीच खात्री वाटते. २१००पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, असे तिने २०२१च्या अहवालात म्हटले असले, तरी त्याबाबतची खात्री केवळ मध्यम असल्याचेही तेथेच नमूद केले आहे, आणि त्यानंतरच्या काही अभ्यासांनी धोका याहून जवळ असल्याचे मांडले आहे. अटलांटिकमध्ये २६.५ उत्तर अक्षांशावर या प्रवाहाचे सलग मापन २००४पासूनच सुरू झाले. दशकानुदशके चालणाऱ्या नैसर्गिक चढउतारांतून दीर्घकालीन कल वेगळा काढायला एवढ्या नोंदी अपुऱ्या पडतात. आपल्या भावाला खरोखर काळजी करण्याजोगे काही हवे असेल, तर त्याने या नोंदींवर लक्ष ठेवावे.