मदत हवी आहे : १३१० ला लाइन चांगली, १५५० ला सिग्नल पडतो

नमस्कार मंडळी. लातूर ते औसा आमची फायबर आहे, वळसे धरून २२ किमी, केबल जी.६५२डी (नेहमीची सिंगल-मोड फायबर). तीन वर्षं तिच्यावर १ गिगाबिटचं, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचं मॉड्यूल (प्रकाश पाठवणारं-घेणारं यंत्र) बिनतक्रार चाललं. औशात जोडण्या वाढल्या, पीकविम्याच्या दिवसांत सेवा केंद्रांवर शेतकरी तासन्‌तास खोळंबतात. म्हणून मागच्या आठवड्यात दोन्ही टोकांना १० गिगाबिटचं, १५५० चं ४० किमीवालं मॉड्यूल लावलं. लिंक उठते, पण एरर वाढत जातात आणि रात्रीतून चार-पाचदा पडते.

पाठवताना पॉवर +१ डीबीएम (डीबीएम म्हणजे पॉवरचं माप, डीबी म्हणजे त्यातली घट), औशात पोहोचतात उणे १६. १०गिगाबेस-ईआर (या ४० किमीवाल्या मॉड्यूलच्या) मानकात रिसिव्हरची खालची मर्यादा उणे १५.८ आहे, त्यामुळे लिंक का पडते ते कळलं. पण १७ डीबी गेले कुठे? किमीमागे ०.२२ धरले तर ५, दहा जॉइंटचा १, कनेक्टरचा १, सगळे मिळून ७. उलट १३१० ला मोजलं तर १० येतात, किमीमागे ०.३५ आणि जॉइंट-कनेक्टरचे तेच २, या हिशेबात चोख बसतात. १५५० ला लॉस कमी असतो ना? डिस्पर्शन म्हणावं तर त्याने पल्स पसरतो, पॉवर घटत नाही. भाड्याच्या ओटीडीआरवर (फायबरमध्ये कुठे किती लॉस होतो ते दाखवणारं यंत्र) १३१० चीच सोय होती, रेघ सरळ आली.

पुरवठादार म्हणतो ८० किमीचं मॉड्यूल घ्या. पैसे घालीन, पण दुखणं न कळता औषध बदलायला मन धजत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

उत्तर :
दादा, ८० किमीचं घेऊ नका. फायबर कुठंतरी आवळली आहे. वळण घट्ट झालं की प्रकाश गाभ्यातून बाहेर सांडतो, आणि तरंगलांबी मोठी तितका जास्त सांडतो. म्हणून १३१० ला पत्ता लागत नाही. जी.६५२डी ला ३० मिमी त्रिज्येच्या आत वळवू नये, वळण सोसणारी जी.६५७ए१ असती तर १० मिमीपर्यंत सोसलं असतं. १५५० चा ओटीडीआर मिळवा आणि रस्त्याचं काम झालंय तिथले जॉइंट बॉक्स आधी उघडा.

धागाकर्ता :
भाऊ, सापडलं! १५५० वर ९ व्या किमीला मोठी पायरी. पुलाच्या कामात केबल तुटली होती, ती जोडताना ट्रेमध्ये बोटभर रुंदीची वेटोळी घातलेली. मोकळी करून पुन्हा बसवली. आता औशात उणे ६.४, सकाळपासून एकही एरर नाही. तुमचे उपकार विसरणार नाही.