मदत हवी आहे: दादा-वहिनी ऑस्ट्रेलियात कूबर पेडी गावात अडकलेत
नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. दादा-वहिनी अ‍ॅडलेडहून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला गाडीने निघाले, मध्येच कूबर पेडीला गिअरबॉक्स गेला, आता पार्ट 850 किमीवरून येणार म्हणजे कधी ते मंगेशालाच ठाऊक. गाव भलतंच आहे, 1915 पासून ओपल या रत्नाच्या खाणी, उन्हाळ्याच्या धगीमुळे कितीतरी लोक जमिनीखाली घरं कोरून राहतात, चर्चसुद्धा खाली, गोल्फ कोर्स आहे पण गवत नाही! वहिनी मजेत, म्हणते कपडे तरी पटकन वाळतात, इथे आईचा मात्र जीव टांगणीला. बसने येतील हो, पण गाडी मित्राची, टाकून कशी यायची? अ‍ॅडलेडला कोणी आहे का? टो करायला साधारण किती घेतात?