मदत हवी आहे : कोपऱ्यावर गाड्या घसरतात, ते लाल खरखरीत कोण टाकून देतं?

कोपऱ्यावरचं_घर
सरळ विचारतो. आमच्या कोपऱ्यावर गाड्या घसरतात. वळवाचे दोन पाऊस झाले आणि काल चौथा जण पडला. मोठ्या रस्त्यांवर चौकाच्या अलीकडं लाल रंगाचं, सँडपेपरगत खरखरीत टाकलेलं असतं बघा, ते पाहिजे. कॉलनीतली पंचवीस घरं वर्गणी काढायला तयार आहेत. कोण टाकून देतं, मीटरला किती पडतं, किती दिवस टिकतं? जूनच्या आत व्हायला पाहिजे. पोरगीला क्लासला सोडायला रोज तिथनंच जातो. 'गाडी हळू चालवा' असलं सांगणार असाल तर लिहूच नका.

ट्रिपलसीट
गाडी हळू चालवा.

घाटवाट
दादा, कुठला कोपरा? डांबरी का काँक्रीट? उतार आहे का? कोरड्यातही घसरतात का? दुचाकीच पडतात का चारचाकीही सरकते? यातलं काहीच न सांगता दर कसा सांगणार?

कोपऱ्यावरचं_घर
फुलेवाडी रिंग रोडला आमच्या कॉलनीचा रस्ता मिळतो तिथं. डांबरी. उतार आहेच की. दुचाकीच. आणि दादा नाही, बाई आहे मी.

सदाशिव_पेठी
मग 'विचारतो', 'जातो' असं का लिहिलंय?

ट्रिपलसीट
कोल्हापुरात नवीन का पावणं? आमच्या आया-बहिणी असंच बोलतात. धागा भरकटवू नका.

ब्रेकर_पाहिजेच
लाल-बिल काही नको, स्पीडब्रेकर टाका. आमच्या गल्लीत आम्ही पोरांनी मिळून एका रात्रीत तीन टाकले. तीन वर्षं झाली, एक माणूस पडला नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
रात्रीत टाकलेल्या त्या उंचवट्याला आम्ही ब्रेकर म्हणत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात, आयआरसी ९९ मध्ये, मापं दिलेली आहेत. गोल पाठीचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरनं गाडी आरामात ओलांडते. तुमचे फूटभर रुंदीचे असणार. शिवाय उतारावर, वळणाच्या तोंडाशी, तेही घसरत्या जागी ब्रेकर केलात तर माणूस ब्रेक नेमका तिथंच दाबणार. म्हणजे तुम्हीच त्याला पाडायची सोय करून ठेवलीत.

ब्रेकर_पाहिजेच
कागदावरचं सांगू नका. पडला का कोण? नाही ना? विषय संपला.

ट्रिपलसीट
पडेल कसा? तुमच्या गल्लीतनं आता कोण जातच नाही. माझ्या मणक्याला विचारा.

मटेरियल_लॅब
मूळ प्रश्नाकडं येतो. ताई, तुम्ही म्हणताय ते हाय फ्रिक्शन सरफेसिंग, बोलीभाषेत अँटी-स्किड. खाली इपॉक्सीसारख्या रेझिनचा, म्हणजे चिकटून कडक होणाऱ्या द्रवाचा थर आणि त्यावर १ ते ३ मिलिमीटरचे कॅल्साइन्ड, म्हणजे भाजलेल्या बॉक्साइटचे दाणे. लंडनमध्ये १९६० च्या दशकापासून चौकांच्या तोंडावर हे वापरतात. कारण असं की चौकात ब्रेक आणि वळणं एकाच जागी होऊन साधी खडी घासून गुळगुळीत होते. बॉक्साइट भाजला की तो सहजी पॉलिश होत नाही.

फरक किती पडतो ते साध्या गणितानं बघा. ताशी ४० ला चाक लॉक झालं आणि घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड) ०.७ असला तर गाडी ९ मीटरात थांबते. ०.३ असला तर २१ मीटर. ब्रेक दाबायच्या आधी गेलेलं अंतर यात धरलेलं नाही.

आणि खरखरीतपणा दाण्यांचा असतो, रंगाचा नव्हे. लाल रंग नुसता ड्रायव्हरला जागं करायला. नुसता लाल ऑइलपेंट मारून 'अँटी-स्किड' म्हणून बिल लावणारेही आहेत, त्यांच्यापासून जपा.

राधानगरीकर
बॉक्साइट तर आमच्याकडंच निघतो की! राधानगरी, शाहूवाडीच्या पठारांवर. ट्रकभर आणून पसरू या, वर्गणी पण वाचली.

मटेरियल_लॅब
नको हो. कच्चा बॉक्साइट ठिसूळ. पावसात त्याचा लाल चिखल होईल. सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्यावर त्याला तो टणकपणा येतो.

संसारोपयोगी
आमच्या बाथरूमच्या टाइल्स अशाच निसरड्या होत्या. बाजारात खरखरीत चिकटपट्टी मिळते, ती लावली. सासूबाई आता निर्धास्त. फक्त कोपरे उचलतात, तिथं मळ साचतो, जुन्या ब्रशनं घासावं लागतं.

घाटवाट
ताई, पावसात का कोरड्यात, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कोपऱ्यावरचं_घर
ओल्यातच. पाऊस पडून गेला की पहिली दहा-पंधरा मिनिटं तर बघायलाच नको. म्हशी गेल्यावर पण घसरतंय, पण ते सगळीकडंच असतंय.

सदाशिव_पेठी
म्हशी?

कोपऱ्यावरचं_घर
सकाळ-संध्याकाळ जातात ना. पंधरा-वीस. त्यात सांगायचं काय?

सदाशिव_पेठी
ओल्या रस्त्यावर शेण, आणि तुम्ही लंडनचं रेझिन शोधताय! गवळ्याला सांगा, प्रश्न मिटला.

ट्रिपलसीट
म्हशींना नाव ठेवायचं काम नाही. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायचं म्हणून तुम्हीच गाड्या भरून येताय.

वकीली_सल्ला
मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ बघा, २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला नाही किंवा राखला नाही तर एक लाखापर्यंत दंड. नोटीस काढा, सगळे सरळ होतात.

निवृत्त_ओव्हरसियर
त्या कुचराईमुळं कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर ते कलम लागतं. इथं गुडघे फुटलेत. उगाच धमकीनं सुरुवात केली की फाईल दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथंच राहते, चाळीस वर्षं बघितलंय. आधी रस्ता कुणाचा ते शोधा. वर्गणी काढली तरी सार्वजनिक रस्त्यावर परस्पर थर टाकता येत नाही, ज्याचा रस्ता त्याची लेखी परवानगी लागते.

कोपऱ्यावरचं_घर
एका कार्यालयात गेलतो. रस्ता आमच्याकडं नाही म्हणाले. दुसऱ्यात साहेब जेवायला गेलते.

मटेरियल_लॅब
ताई, एकच सांगा. पडतात ती जागा दिसायला कशी आहे? आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा जास्त काळी, चकचकीत?

कोपऱ्यावरचं_घर
हो, आरशागत. मार्चमध्ये तिथं पॅच मारला तेव्हापासनं. त्याआधी कोण पडत नव्हतं.

घाटवाट
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं!

कोपऱ्यावरचं_घर
पॅच सगळीकडंच मारतात, त्यात लिहायचं काय?

मटेरियल_लॅब
मग तुमचा रोगच वेगळा. त्या पॅचमध्ये डांबर जास्त झालंय. उन्हानं ते पातळ होऊन वर आलं, खडी खाली बुडाली. टायर खडीला लागतच नाही, डांबराच्या साईवरनं चालतोय. त्यावर वळवाचं पाणी, मार्चपासूनची धूळ आणि तेल. म्हशी नसत्या तरी माणूस पडला असता. आता वर रेझिनचा थर घातलात तर तो या मऊ डांबराला धरणार नाही. उन्हाळ्यात सरकेल आणि पापुद्रे निघतील. पंचवीस घरांचे पैसे पाण्यात.

ब्रेकर_पाहिजेच
म्हणून म्हणत होतो ब्रेकर.

निवृत्त_ओव्हरसियर
लॅबवाल्यांशी सहमत. खात्री करायची तर भर दुपारी जाऊन पॅचवर उभं राहा. चप्पल चिकटते का, टाचेचा ठसा उठतो का बघा. उठला तर उपाय जुनाच आहे. तापवलेली भरड वाळू किंवा बारीक ग्रिट पसरून रोलर फिरवायचा, म्हणजे दाणे डांबरात रुततात, आणि न रुतलेलं झाडून काढायचं. थर जाड असेल तर पॅच खरवडून नवा करणं भाग आहे. दोन्ही कामं ज्यानं पॅच मारला त्याच्याकडनंच करून घ्या. मार्चचं काम आहे, दुरुस्तीची मुदत संपलेली नसणार. अर्जात 'अँटी-स्किड द्या' लिहू नका, 'पॅचवर डांबर वर आले आहे, दुरुस्त करून द्या' एवढंच लिहा.

आणि एक, हौसेनं वाळू आणून मोकळी पसरू नका. ती चाकाखाली छऱ्यांसारखी फिरते.

टायर_पंक्चर_सर्व्हिस
टायर गुळगुळीत असला की कुठल्याही रस्त्यावर घसरणारच. हवा पण बघा.

कोपऱ्यावरचं_घर
आज दोन वाजता जाऊन आलो. चप्पल चिकटली. ओढली तर पट्टाच तुटला. एका पायानं लंगडत घरी, शेजारीण हसून बेजार. फोटो काढलेत.

ट्रिपलसीट
कापशी चप्पल होती का?

राधानगरीकर
'चप्पल लाईन' बाजारात शिवून मिळते. तेल लावून ठेवा, कातडं कडक झालं की असं होतंय.

सदाशिव_पेठी
अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची, कुणी सांगेल का? पुढच्या महिन्यात येतोय.

कोपऱ्यावरचं_घर
रबरी स्लीपर होती. अर्जाचा नमुना आहे का कुणाकडं? सोमवारी द्यायचाय.

निवृत्त_ओव्हरसियर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. जेवायच्या सुट्टीच्या आधी जा.